आतल्या ओळीचे हुक

“सोडा श्वास. अजून सोडा, वहिनी!” मालकीणबाईंनी वहिनींच्या कंबरेखाली गुडघा लावला, पट्ट्याची दोन्ही टोकं ओढली आणि हुक पार आतल्या ओळीत अडकवले. वहिनींचे डोळे पांढरे व्हायचे तेवढे बाकी होते.

मी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवरून बघत होते. आमचं आतल्या कपड्यांचं दुकान. कुणाला काही सैल-घट्ट झालं की ते नीट करून द्यायचं, एवढंच माझं काम. तोंड बंद ठेवणंही बहुधा पगारात धरलेलं असावं.

म्हातारे मालक गेले आणि दुकान सुनेच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, हातात आलं. या सुनेला मोबाईलवर कुठल्याशा नटव्या बाया दिसल्या, कंबर कसली ती, नुसता देठ, आणि तिच्या डोक्यात भूत शिरलं. तारा घातलेले रबरी पट्टे आले. दिवसभर आवळून फिरायचं म्हणे, की कंबर ‘घडते’. घडते! कंबर म्हणजे काय मडकं आहे? आत आतडी आहेत, सकाळचा नाश्ता आहे, त्यांनी जायचं कुठे, हे त्या बयेला कुणी विचारेना. उलट रांग लागली. चांगल्या शिकल्यासवरलेल्या, धडधाकट बाया स्वतःच्या पायांनी गुदमरायला यायच्या आणि वर आरशात बघून खूश व्हायच्या. मला तर हसू यायचं.

मग नियम निघाला. विकणाऱ्या बाईनंही पट्टा घालायचा, गणवेशावरून, सगळ्यांना दिसेल असा. नाही जमलं तर मागे गोडाउनमध्ये खोकी लावत बसायचं.

वहिनींना गोडाउन म्हणजे वनवास. सगळं दुकान त्यांना वहिनीच म्हणायचं. नवरा गेल्यापासून काउंटरवर उभं राहणं हेच त्यांचं जगणं. सख्ख्या बहिणीला माप न सांगणाऱ्या बाया वहिनींच्या कानात सांगत. लाजेनं अर्धमेल्या होऊन आलेल्या पोरी हसत बाहेर पडत. ते सुटू नये म्हणून वहिनी पट्टा सोसत होत्या. डबा तसाच घरी परत नेत होत्या.

“अहो, मरायचंय का?” मी एकदा म्हणाले.

“गप गं. सवय होईल.”

एक खोड मात्र त्यांची जाईना. ब्रा विकण्यात जन्म गेलेला. नवी ब्रा बाहेरच्या, सैल ओळीत लावून द्यायची, म्हणजे पुढे इलॅस्टिक ढिलं पडलं की आत सरकायला जागा राहते. पट्टेही त्या तसेच लावून द्यायच्या. मग गिऱ्हाइकं तणतणत परत यायची, कंबर तसूभरही कमी नाही म्हणून. मालकीणबाई वहिनींवर उखडायच्या. “आपण काय झबली विकतो का? आतली ओळ, वहिनी, आतली!”

त्या दुपारी एक बाई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन आली. पोरगी म्हणजे नुसती काडी.

“हिला पट्टा?” वहिनींनी विचारलं.

“आत्तापासून वळण लावलेलं बरं. माझ्यासारखं व्हायला नको.” आई स्वतःही आवळलेलीच होती. एवढं बोलताना तिला धाप लागली. पण अक्कल येईल तर शपथ!

ट्रायल रूम माझ्या मशीनला लागूनच, मधे फक्त पडदा. आतून पोरीचा आवाज आला, “काकू, जेवताना काढला तर चालतो?”

“चालतो,” वहिनी म्हणाल्या. “भूक लागली की खुशाल काढायचा.”

मालकीणबाई पडदा सारून आत शिरल्या. पट्ट्यात बोटं घालून बघितली. “अख्खा हात जातोय की! आतल्या ओळीत घ्या.”

“वाढतं अंग आहे तिचं.”

“घ्या म्हणते ना!”

“नाही घेणार.”

“मग उद्यापासून गोडाउन.”

मला वाटलं, आता वहिनी नमतील. पण त्यांनी हात पाठीमागे नेले, स्वतःच्या पट्ट्याचे हुक एकेक करून सोडवले आणि पट्टा मालकीणबाईंच्या हातात दिला. “उद्या कशाला? आत्ताच जाते.”

मला अस्सा आनंद झाला म्हणून सांगू! पण काय उपयोग? मालकीणबाईंनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच त्या लेकराला आवळलं. “श्वास सोड, बाळा. शहाणी ना तू?” आई टाळ्या वाजवत म्हणाली, “अगं बाई, बाहुली दिसतेस!” बाहुलीच ती. बाहुलीला कुठे जेवायचं असतं?

बिल होईपर्यंत पोरगी दाराशी ताठ उभी होती. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. ती वाकायला गेली, अर्ध्यावर अडकली आणि पुन्हा सरळ झाली. आई फोनवर मैत्रिणीला लेकीची नवी कंबर सांगत होती.

गोडाउनकडे निघालेल्या वहिनी थांबल्या. पोरीसमोर खाली बसल्या, नाडी बांधून दिली.

“घट्ट नाही ना झाली गं?” त्यांनी विचारलं.

पोरीनं आधी आईकडे बघितलं. मग नाही म्हणून मान हलवली.