पाटावरच्या रेघा

मी पाट. जेवायला बसायचा नव्हे, गणपतीचा. सध्या मुक्काम पेण, गोविंदाच्या गणपतीच्या कारखान्यात, डावीकडची मांडणी, वरून दुसरा खण. आजूबाजूला माझ्यासारखेच तीसेक पाट आहेत आणि प्रत्येकावर खडूने मालकाचं नाव लिहिलंय. माझ्यावर लिहिलंय ‘हैबतराव, वरसे’. दोन दिवसांत माझ्यावर शाडूची माती बसेल आणि विसर्जनापर्यंत माझं तोंड झाकलेलं राहील. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगून घेतो.

जन्माने मी फणस. हैबतरावांच्या वडिलांनी परसातला म्हातारा फणस पाडला, तेव्हा सुताराने दोन फळ्या जोडून मला केलं. सांधा एका टोकाला नीट बसला नाही. करंगळीचं टोक जाईल एवढी फट राहिली. सुतार म्हणाला, पुढच्या आठवड्यात येऊन भरून देतो. तो अजून यायचाय.

आमचं घर रोह्याला लागून असलेल्या वरशात. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. माझं काम वर्षातून एकदाच. आषाढात हैबतराव मला चादरीत गुंडाळून पेणला पोचवतात, चतुर्थीला मी मूर्ती घेऊन घरी येतो आणि गौरींबरोबर कुंडलिकेवर जातो. येताना रिकामा येत नाही, नदीची मूठभर वाळू घेऊन येतो. नंतर मला पुसून माळ्यावर ठेवतात. तिथून घरातलं सगळं ऐकू येतं, आणि बोलता येत नसल्यामुळे मी ऐकण्यात बऱ्यापैकी तरबेज झालो आहे.

आता रेघांचं सांगतो. हैबतरावांची मुलगी सुरभी तेरा वर्षांची होती. जवळच्या एका कंपनीच्या वसाहतीतल्या मैदानावर बंगालकडचे एक साहेब संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवायचे. पोरांत ही एकटी पोरगी. कोणी कुठे उभं राहायचं ते साहेब मातीत काडीने काढून दाखवायचे. घरी येऊन सुरभीला तेच काढून बघायचं होतं. एवढा मोठा कागद घरात नव्हता. मी होतो.

तिने मला माळ्यावरून उतरवलं आणि खिळ्याने माझ्यावर मैदान कोरलं. चार कडा, मधली रेघ, दोन्हीकडे गोलाच्या चौकटी. मधलं वर्तुळ काढायला आईची, म्हणजे मैनाबाईंची, बांगडी ठेवली. दुखलं, खोटं कशाला बोलू. मग तिने अकरा वाल एकीकडे मांडले, अकरा चिंचोके दुसरीकडे, आणि चेंडू म्हणून एक मिरी. तिन्हीसांजेपर्यंत ती आणि मी खेळत होतो. त्याआधी माझ्याशी कोणी खेळलं नव्हतं.

हैबतरावांनी पाहिलं तेव्हा ते ओरडले नाहीत. दोन दिवस तिच्याबरोबर जेवायला मात्र बसले नाहीत. देवाचा पाट खिळ्याने ओरबाडलेला, त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी चिडलाच असता. त्या आषाढात त्यांनी पेणला येऊन रंधा मारून द्यायला सांगितलं. तेव्हा कारखाना गोविंदाचा बाप बघायचा. तो हातातल्या कामातून मान वर न करता म्हणाला, की मूर्ती बसल्यावर देव काही खाली वाकून बघत नाही, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष वीसेक वर्षं आलं नाही. दरवर्षी हैबतराव रंध्याचं बोलायचे, दरवर्षी राहून जायचं, आणि आमच्या घरचा गणपती दरवर्षी बरोबर मैदानाच्या मध्यावर बसायचा. मला त्याचा थोडा गर्वच होता.

सुरभी खेळली, मग शिकवायला लागली. जिते गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी, अपेक्षा, शाळेच्या स्पर्धेत तिच्या नजरेत भरली. गाडीने रोज रोह्याला येऊन ती सुरभीकडे शिकली आणि पुढे थेट देशाच्या संघात गेली. सुरभीने तिच्यासाठी एक वाल वेगळा निवडला होता, पोटावर तांबूस डाग असलेला. घरी कधी डाव मांडला की तो वाल आघाडीला.

गेल्या पौषात बातमी आली, की देशाच्या महिला संघाची नवी प्रशिक्षक सुरभी. त्या संघाची गत सगळ्यांना माहीत होती. चांगल्या पोरी, चांगला खेळ, आणि मोठ्या स्पर्धेच्या उंबरठ्यावरून दरवेळी परत. चार वर्षांत तीन प्रशिक्षक झाले होते. पण वरशाचं म्हणणं पडलं, की आपली पोर आलीय, आता एप्रिलमध्ये संघ पात्र ठरणारच. रोहा स्टेशनच्या रस्त्याला तिचा बैलगाडीएवढा फोटो लागला. हैबतराव रोज काही ना काही निमित्त काढून त्या रस्त्याने जायचे. काल संपलेली साखर आज पुन्हा संपायची.

माघात सुरभी तीन दिवस घरी आली. अंगणात वाल सुकत घातले होते. तिने मला उतरवून ओटीवर ठेवलं आणि डाव मांडला. मग जो येईल तो तिला शिकवू लागला. तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या सखाने बचावफळीतले दोन वाल पुढे ढकलले. शेजारच्या इंदुबाई ताक द्यायला आल्या होत्या, त्यांनी गोलरक्षक जरा डावीकडे घेतला. कोणी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण मत प्रत्येकाकडे होतं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. डागाचा वाल आघाडीला. अपेक्षा असली की गोल आलाच. सुरभी हसून मान हलवायची आणि माणूस गेला की वाल परत जागेवर ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा आली. मैनाबाई आत वालाला मोड आलेत का बघत होत्या, हैबतराव शेतावर होते. ओटीवर त्या दोघी आणि मी. अपेक्षा डाव्या पायाला सांभाळत बसली. मग डागाच्या वालाकडे बोट केलं.

“ताई, ही मी ना?”

“व्हय.”

तिने डागाचा वाल दोन बोटांनी उचलला आणि मैदानाबाहेर माझ्या कडेला ठेवला. 

“गुडघा गेलाय. अर्धा खेळ कसातरी ओढीन, मग बसंल. तुला सरावात दिसलंय. तू माझ्या तोंडाकडं बघून बोलत नायस.”

सुरभी म्हणाली, डॉक्टरांना दाखवावं लागेल. अपेक्षा म्हणाली, ते दाखवते, पण इथे कोणाला कळायला नको. गुडघ्याचं नाव निघालं की लोक तिला संपलेली धरतील आणि परत उभं राहायच्या आधीच निरोप देतील. ती म्हणाली, “लोकांना वाटूदे तू मला घेतली नायस. तुला सोसंल?”

सुरभी उठली. अंगणातल्या वालांवर एक कोंबडी आली होती, तिला हाकललं. मग परत येऊन बसली आणि म्हणाली, “सोसंल.”

चहा पिऊन अपेक्षा गेली. सुरभीने डाव आवरला, बाकीचे वाल ओंजळीने सुपात टाकले. डागाचा वाल तिला सापडला नाही. तो कडेवरून घरंगळून माझ्या फटीत पडला होता. सुताराने न भरलेल्या त्या फटीचा मला पहिल्यांदा उपयोग झाला.

एप्रिलमध्ये सामना झाला. जिंकलं तरच पुढे जायचं, बरोबरी चालणार नव्हती. आमच्या घरात टीव्हीपुढे चाळीस माणसं, ओटीपर्यंत. संघात अपेक्षाचं नाव नाही हे कळलं तेव्हाच कुजबूज सुरू झाली. तिच्या जागी ईशान्येकडची एकोणीस वर्षांची नवी मुलगी होती. ती छान खेळली असं माळ्यावर मला खालच्या श्वासांवरून कळत होतं. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू तिच्या पायाशी आला, गोल सहा पावलांवर, आणि तिने तो गोलाच्या दांडीवरून बाहेर मारला. सामना शून्य-शून्य सुटला. माणसं चपला शोधत उठली. जाता जाता सखा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की घरची पोर सोडून परकी घेतली, मग दुसरं काय होणार.

फुटबॉल संघटनेने सुरभीला पुढचं वर्ष दिलं. गावाने पुढचा दिवसही दिला नाही. आठवड्यात स्टेशनच्या रस्त्यावरचा फोटो उतरला आणि सखाच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून चढला, सुरभीचं हसू म्हशींच्या बाजूला. माणसांचं एक बघून ठेवलंय मी. कौतुक करताना ‘आपली’ म्हणतात, चूक झाली की ‘हैबतरावांची’.

हैबतरावांनी सामन्याच्या रात्री फोनवर सुरभीला एवढंच विचारलं, की अपेक्षाला का नाय घेतलीस. ती म्हणाली, निर्णय माझा होता, बाबा. त्यांनी फोन मैनाबाईंच्या हातात दिला. नंतर तिचा फोन आला की ते परसात जायचे. मला सांगावंसं वाटायचं. पोटात पुरावा घेऊन मी माळ्यावर पडून होतो आणि खाली बाप लेकीशी बोलत नव्हता. लाकूड असल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आषाढ लागला. हैबतरावांनी मला उतरवून उजेडात धरलं, रेघांवरून अंगठा फिरवला आणि गोविंदाला फोन केला. या वर्षी रंधा तयार ठेव, म्हणाले, पार साफ करायचंय. या वेळी आवाज नेहमीचा नव्हता. मैनाबाई म्हणाल्या, तेवढं नका करू. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मला चादरीत गुंडाळलं.

ते निघतच होते, तेवढ्यात अपेक्षा आली. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. स्टेशनवरून रिक्षा करून आली होती. हैबतराव तिच्या पायाकडे बघत राहिले. तिने सांगितलं, मे महिन्यात पुण्याला ऑपरेशन झालं, घरच्यांखेरीज कोणाला सांगितलं नाही. मग म्हणाली, “काका, पाट सोडा जरा. आणि काकी, मूठभर वाल द्या गो.”

हैबतरावांनी का कोण जाणे, चादर सोडली. मला ओटीवर आडवं ठेवताना मी कलंडलो, आणि फटीतला वाल टपकन जमिनीवर पडला. पाच महिने धरून ठेवला होता. अपेक्षाने तो ओळखला. तिचे डोळे भरले.

“ही मी. सगळ्यांनी मला पुढं ठेवली व्हती, ताईनी पण. मीच माझ्या हातानं उचलली. हितंच, ह्याच जागंवर. आणि तिला सांगितलं, कोणाला बोलू नको. मला वाटलं चार दिवस लोक बोलतील नि गप बसतील. तुम्ही पण बोलायचं सोडाल असं नव्हतं वाटलं, काका.”

मैनाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. हैबतराव खाली बसले. वाल हातात घेऊन, पेरणीचं बी बघावं तसा, उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, तिनी मला तरी सांगायचं व्हतं. अपेक्षा म्हणाली, “तिनी शब्द दिला व्हता.”

ते उठले. मला परत गुंडाळलं, वाल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि गाडी धरली. प्रवासभर मी त्यांच्या मांडीवर होतो. एरवी ते मला सामानाच्या फळीवर टाकतात.

गोविंदा रंधा घेऊन तयारच होता. त्याने मला दोन ओंडक्यांवर टेकवलं, पातं तपासलं. मी डोळे मिटले, म्हणजे लाकडाला जमतं तेवढे.

“मारू ना, हैबतराव?”

“नको. रेघा राहूदे.”

गोविंदा वैतागला. सकाळपासून पात्याला धार लावून ठेवली होती म्हणाला. हैबतरावांनी फोन काढला आणि तिथेच, मातीच्या गोळ्यांमध्ये उभं राहून, लेकीला लावला. पलीकडे सरावाच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.  तब्येत विचारली, पाऊस सांगितला, लावणी कुठवर आली ते सांगितलं. मग म्हणाले, “अपेक्षा येऊन गेली घरी. गणपतीला ये गो. पाट तसाच ठेवलाय.” सुरभी पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हैबतराव मात्र बराच वेळ फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तर हे असं आहे. माझ्यावर दरवर्षी दीड फुटांची मूर्ती बसते. त्या वजनासाठीच मला केलंय, माझी तक्रार नाही. पण एका पोरीवर अख्ख्या गावाने आपलं ओझं ठेवावं आणि ती वाकली की नाही हेही कोणी बघू नये, हे मला कडेला बसून बघवलं नाही. या चतुर्थीला आमच्याकडे दर्शनाला या. सुरभी असेल. तिला संघात कोणाला घ्यावं ते सांगू नका, ती कशी आहे ते विचारा. आरास थोडी सरकवून बघितलीत, तर मूर्तीच्या पायाशी मधल्या वर्तुळाची कड दिसेल.

त्या दिवशी कारखान्यातून निघताना हैबतरावांनी पैसे काढायला खिशात हात घातला, तर वाल बाहेर आला. गोविंदाने विचारलं, हे काय?

“खेळाडू हाय,” हैबतराव म्हणाले, “पुढल्या साली लागंल.” आणि तो परत खिशात ठेवून त्यांनी वरून बटण लावलं.