सहाव्या क्रमांकावर कोण

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आयँथीच्या वडिलांनी तिच्या नवऱ्याला रेडिओवर गाढव म्हटलं. तसं थेट नाही म्हटलं. ‘सेंट फिलिपला माझ्या मामाकडे एक गाढव होतं,’ अशी सुरुवात केली आणि त्याला निदान गोठा कुठल्या बाजूला आहे एवढं तरी कळायचं, असं म्हणाले. बाकीचं ऐकणाऱ्यांनी समजून घेतलं. बार्बाडोसमध्ये शुक्रवारी दुपारी रेडिओवरचा हा श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम न ऐकणारं माणूस मुद्दाम शोधावं लागतं.

“यरवुडसाहेब, तुमचा रेडिओ जरा बारीक करा, आवाज घुमतोय,” निवेदक म्हणाला.

“रेडिओ बंदच आहे. ही माझी नात आहे. हिलासुद्धा पटत नाहीये, डावखुरा पोरगा सहाव्या क्रमांकावर का जातो ते.”

आणि खरोखरच अख्ख्या बेटाला अमायाचं खिदळणं ऐकू गेलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये आयँथीच्या आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या कपात डोकं घातलं. आयँथीला एकच कळलं, की पोरगी जागी आहे. दोन वाजता ती झोपलेली असायला हवी होती.

लेम्युअल यरवुड अकरा वर्षं बार्बाडोसच्या क्रिकेट संघाचे कोच होते. मागच्या मोसमात मंडळाने त्यांना फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं आणि त्यांच्या जागी डार्नली इनिसला आणलं. डार्नली त्यांच्याच हाताखाली खेळलेला, त्यांचाच जावई. बायको ब्रुकलिनला थोरल्या मुलीकडे गेलेली, तेव्हा घरी लेम्युअल एकटेच. मग त्यांनी दोन कामं धरली. दर शुक्रवारी, आयँथी शाळेत अर्धा दिवस जायची तेव्हा, सात महिन्यांची नात सांभाळायची. आणि ती कडेवर असतानाच तिच्या बापाचे वाभाडे काढायचे.

आयँथीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून पूर्ण दिवस शाळा, आणि अमाया रोज आजोबांकडे, असं ठरलं होतं. दुसरी सोय तिने शोधली नव्हती असं नाही. पाळणाघरात ती गेली तेव्हा चार मुलं खोकत होती. शेजारच्या मिसेस ब्लॅकेट प्रेमळ, पण रडणाऱ्या बाळाच्या तोंडात घट्ट गोड दुधाचं बोट घालणाऱ्या. आयँथी दर गुरुवारी संध्याकाळी एक तक्ता आखायची. किती वाजता किती औंस दूध, किती वेळ झोप, शी कुठल्या रंगाची. जगात तो तक्ता इमानाने भरणारं एकच माणूस होतं, आणि ते तिचे वडील.

संध्याकाळी डार्नली मैदानावरून आला तो मोजे काढायच्या आधीच म्हणाला, “सोमवारपासून अमाया तिकडे जाणार नाही.”

“मग कुठे जाणार?”

“कुठेही. माझी पोरगी माझ्याच बदनामीला साथ करणार नाही. येताना मासळीबाजारात लोक विचारत होते, गोठा सापडला का.”

“तिने काही साथ केली नाही. तिला फोनची वायर दिसली की हसू येतं.”

डार्नलीने मोजा हातात धरला. “सहावा क्रमांक मी कोणाला सांगितला नव्हता, आयँथी. संघ उद्या जाहीर होणार आहे. कप्तानालाही माहीत नाही. फक्त तुझ्यासमोर बोललो होतो. कोचना कसं कळलं?”

स्वतः कोच होऊन वर्ष होत आलं तरी तो सासऱ्यांना कोचच म्हणायचा.

“मी सांगितलं असं म्हणायचंय तुला?”

“मी विचारतोय.”

“मी त्यांना फोनवर फक्त अमायाचं तापमान विचारते,” आयँथी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी उद्या पाळणाघरात पुन्हा जाऊन खोकणारी मुलं मोजावीत असंही वाटत होतं.

शनिवारी ती पुडिंग-सूसचे, म्हणजे रताळ्याच्या पुडिंगाचे आणि लिंबात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे, दोन डबे घेऊन, अमायाला गाडीत मागच्या सीटवर बांधून, वडिलांकडे गेली. लेम्युअल दारासमोरच्या ओट्यावर बसून नखं कापत होते.

“डॅडी, संघ तुम्हाला कोण सांगतं?”

“तुझा नवरा.”

“तो तुमच्याशी सहा महिने बोललेला नाही.”

“बोलत नाही, लिहितो.” त्यांनी आतून एक बिस्किटाचा डबा आणला. डब्यात तिचे तक्ते होते, सहाच्या सहा, तारीखवार. तिने एक उलटला. मागे डार्नलीच्या तिरक्या अक्षरात अकरा नावं होती, बाण, फुल्या, एक नाव खोडून पुन्हा लिहिलेलं. त्यावर लाल शाईने वडिलांनी मास्तरासारखे शेरे मारले होते. एका ठिकाणी नुसतंच ‘का?’

आयँथीच्या डोळ्यांसमोर शुक्रवारची सकाळ उभी राहिली. एका हाताने अमायाला भरवणारा डार्नली, दुसऱ्या हातात पेन, आणि टेबलावर हाताला लागेल तो कागद. त्याला पेनाशिवाय विचार करता येत नसे. वीजबिलावरसुद्धा क्षेत्ररचना असायची.

“सहा शुक्रवार मला संघ पाठवतोय,” लेम्युअल म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “गर्विष्ठ आहे, तोंडाने विचारणार नाही. मीही तसाच होतो. म्हणून मी रेडिओवरून उत्तर देतो.”

“शिव्या घालून?”

“मग काय लाडाने बोलू? उद्या मंडळाला वाटेल सासराच संघ चालवतो. पोराला दोन दिवसांत काढतील. मी गाढव म्हणतो तोवर त्याची नोकरी पक्की.” त्यांनी डबा बंद केला. “त्याला कळतं ते. मी सांगितल्यावर सलामीची जोडी बदलली की नाही त्याने? ऑफस्पिनरला नवा चेंडू दिला की नाही? ऐकतो माझं.”

त्यांचा चेहरा आयँथीने अकरा महिन्यांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. कागद चुकून आलेत म्हणावं, तर हा चेहरा विझणार. न म्हणावं, तर घरात चहाडखोर आपण, आणि सोमवारी पोरगी मिसेस ब्लॅकेटच्या बोटाला.

“हा एक मी नेते,” ती म्हणाली आणि कालचा तक्ता पर्समध्ये टाकला.

डार्नलीने तो घरी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून वाचला. आधी पुढची बाजू, मग मागची. त्याचे कान तापत गेलेले तिला दिसले.

“हे मीच…?”

“सहा वेळा.”

त्याने लाल शाईच्या एकेका शेऱ्यावरून बोट फिरवलं. “इथे बरोबर आहे त्यांचं,” शेवटी तो हळूच म्हणाला. “तो पोरगा चौथ्यावरच हवा.” मग त्याच्या लक्षात आलं. “त्यांना वाटतंय मी मुद्दाम विचारलं?”

“त्यांना तसंच वाटतंय. आणि तू मला विचारलंस ते मी विसरलेले नाही.”

“चुकलं माझं.”

“मला ते नंतर सविस्तर हवंय. आता हे सांग, सोमवारी काय?”

“संघ तर आज दुपारी गेला. पण फलंदाजीचा क्रम बुधवारपर्यंत माझ्या हातात आहे.” त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “त्यांना सांगू नकोस, मला माहीत नव्हतं म्हणून.”

सोमवारी सकाळी सात वाजता अमायाला आजोबांच्या घरात घेऊन गेला तो डार्नली. आयँथी गाडीत थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शाळेची घंटा आठला. ती धसक्याने उतरली. दोघांनी एकमेकांना काही केलं असतं तर आवाज आला असता. पण आवाज येत होताच.

“चौथ्यावर? जमैकाच्या त्या उंच बोलरसमोर?” डार्नली म्हणत होता, जणू शनिवारी त्याला ते पटलंच नव्हतं.

“तू चौथ्यावर खेळलास तेव्हा तुला कोणी विचारलं होतं, पोरा?”

“मी तीन धावांत गेलो होतो, कोच.”

“माझ्यामुळे नाही गेलास. बॅट आडवी घातलीस म्हणून गेलास.”

स्वयंपाकघरात मिठाच्या, साखरेच्या, मिऱ्यांच्या बरण्या शॉर्ट लेगपासून सीमारेषेपर्यंत मांडल्या होत्या. दोघेही टेबलावर ओणवे. अमाया खाली लादीवर बसून लाल पेनाचं टोपण चोखत होती, आणि दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

आयँथीने टोपण काढून घेतलं. मुलीच्या ओठाला शाई लागली नाही ना हे दोनदा बघितलं. दोघांनी पुन्हा बोलावं म्हणून सहा महिने तिचा जीव टांगणीला होता; ते आता समोर घडत होतं, आणि तिला वेगळीच धास्ती लागली.

“डॅडी, भांडायचं तर भांडा. पण एक जण भांडेल आणि एक जण मुलीला धरेल. दोघं एकदम नाही. नऊ वाजता चार औंस.”

“मग मी धरतो,” लेम्युअल लगेच म्हणाले, आणि नातीला कडेवर घेतलं. “ह्याला मैदानावर जायचंय. पण शुक्रवारी दुपारी मी फोन करणार हां.”

“कराच,” डार्नली म्हणाला. “पण गाढव नको, कोच. दुसरं काहीतरी.”

लेम्युअल विचारात पडले. आयँथीला उशीर होत होता, तरी तक्त्यावर नऊच्या रकान्यापुढे तिने एक ओळ वाढवली, ‘दोन ते तीन झोप, फोन दुसऱ्या खोलीतून’, आणि गाडीकडे पळाली.