आधी दार, मग पलंग

मी मापपट्टी बोलतेय. शाळेच्या दप्तरातली चपटी पट्टी नव्हे. आर्किटेक्टच्या टेबलावरची, त्रिकोणी. माझ्या प्रत्येक कडेवरचं माप वेगळं. एका कडेवर सेंटिमीटरभर रेघ म्हणजे एक मीटर भिंत, तर दुसरीवर तीच रेघ अर्ध्या मीटरची. कागदावरच्या घरात खरोखर काय मावेल, हे सांगणं माझं काम. म्हणूनच स्वभावानं मी संशयी आहे. नकाशा जितका देखणा, तितकी माझ्या मनात पाल चुकचुकते.

हा स्वभाव मला मावशीनं लावला. ती माझी पहिली मालकीण. खरं तर ती बबडीची मावशी. पण बबडीकडे राहायला आल्यापासून मीही तिला मावशीच म्हणते.

मावशीनं मला घेतलं ते आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला. त्या कॉलेजात काय काय पाहिलं म्हणून सांगू! भिंतींचा कोपरा जमला नाही की त्याच्यापुढे डेरेदार झाड काढायचं. जिना बसला नाही की तिथली सावली गडद करायची. परीक्षक आले की "सर, माझी संकल्पना अशी आहे" म्हणत हात नेमका चुकलेल्या जागेवर ठेवायचा. मावशीचा जिना मात्र बसलेला असायचा. तरी मी तिच्यावरही नजर ठेवून होते.

शिक्षण संपलं आणि सगळे पांगले. एक जण नाटकांचे सेट उभारायला लागला. तिथं झाडामागं काही नसलं तरी चालतं. एकीनं टाइल्सचं दुकान काढलं. एक त्याच कॉलेजात शिकवायला लागला आणि पोरांच्या झाडांचे मार्क कापायला लागला. मावशी लागली नगरपालिकेत, नकाशे मंजूर करणाऱ्या खात्यात. समोरचा कितीही गोड बोलला तरी ती आधी मला उचलायची.

"मॅडम, आकडे लिहिलेत की सगळे," तो म्हणायचा.

"आकडे तुम्ही लिहिलेत. रेघ मी मोजते."

मग तिच्या बहिणीच्या मुलीनं, बबडीनं, आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. मावशीनं मला तिच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "हिच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरसुद्धा नाही."

बबडी शिकली, पास झाली, फ्लॅटच्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका सरांच्या ऑफिसात चिकटली. तिथं सगळं काम कॉम्प्युटरवर. मी टेबलावर असायचे, पण हात फारसा लागायचा नाही. एके दिवशी ती एका नव्या इमारतीचं माहितीपत्रक करत होती. सर तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"बेडरूम अंगावर येतेय गं. पलंग जरा आवर."

"किती, सर?"

"डोळ्याला बरं दिसेल इतका."

बबडीनं पलंग लहान केला. लगेच खोली ऐसपैस दिसायला लागली. मग तिनं मला उचललं आणि पेनांच्या डब्यात खोचून ठेवलं. तेव्हाच मी ओळखलं, इथं पाणी मुरतंय. काही लपवायचं नसेल, तर कुणी मोजणारीला कोपऱ्यात बसवत नाही.

काही दिवसांनी मावशी ऑफिसात आली. सर बाहेर गेले होते. मावशी आता निवृत्त झालीय आणि काका चाकाच्या खुर्चीत आहेत. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांनी कित्येक महिन्यांत रस्ता पाहिलेला नाही. मावशीच्या हातात तेच माहितीपत्रक होतं.

"तुमच्याच ऑफिसचं काम निघालं की गं! उद्याच बुक करतेय. हे बघ, पलंगाच्या बाजूनं यांची खुर्ची आरामात जाईल."

बबडीचा चेहरा उतरला. "मावशी, तू मोजलंस?"

"तू काढलंयस ना? मग मोजायचं काय त्यात? जन्मभर लोकांचे नकाशे मोजले, आता पुरे."

मला इतका राग आला! ज्या बाईनं कुणावर विश्वास ठेवला नाही, तिनं ठेवला तो इथं. आणि ही पोरगी? ही आता म्हणणार, छापताना आकार थोडा बदलतो. नाहीतर म्हणणार, एकदा प्रत्यक्ष जागा बघून घे, आणि हात झटकणार.

"पाणी आणू?" बबडी म्हणाली.

बघा, विषय बदलला. मला माहीतच होतं.

ती उठली, दोन पावलं गेली आणि पाणी न घेताच परत आली. डब्यातून मला काढलं आणि मावशीपुढे धरलं.

"मावशी, मोज."

मावशी हसली. मग तिनं बबडीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिनं आधी मला दारावर ठेवलं. ज्या कडेवर दार खऱ्या दाराएवढं आलं, तीच कड पलंगावर ठेवली. तो पलंग शाळकरी पोराला जेमतेम पुरला असता.

"हा कुणासाठी काढलायस गं?"

"विकण्यासाठी," बबडी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मावशी रागावली नाही. पेन्सिलीनं तिनं खरा पलंग काढला आणि शेजारी काकांची खुर्ची. खुर्ची पलंग आणि भिंतीच्या मधे अडकली. काका त्या खोलीतून बाहेरच येऊ शकले नसते. मावशीनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि जाता जाता म्हणाली, "मला वाचवलंस. बाकीच्यांचं काय?"

आज सकाळी बबडीनं पलंग पुन्हा खऱ्या मापाचा केला आणि सरांपुढे कागद ठेवला. मी शेजारीच होते.

"खोली लहान दिसतेय," सर म्हणाले.

"लहानच आहे, सर."

सर कागद घेऊन केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं. तेव्हापासून ते फोनवर बोलताहेत. बबडीच्या जागी दुसरं कुणी शोधत असतील, असा माझा संशय आहे. बबडीलाही तसंच वाटत असावं, कारण तिनं ड्रॉवर आवरायला घेतलाय आणि मला सगळ्यात आधी पर्समध्ये टाकलंय.

पुढचा कागद कोण काढेल, कुणास ठाऊक. म्हणून तुम्हाला सांगते. असा रंगीत नकाशा हातात आला, तर घरातली कुठलीही पट्टी घ्या. आधी दार मोजा, मग पलंग, आणि दाराच्या मानानं पलंग तुमच्या घरातल्याएवढा येतो का ते बघा. नकाशा काढणारी सख्खी भाची असली तरी मोजा.