मोगेन्स पडला की पाडला?

पोलंडातल्या आमच्या ओल्शावा गावात नव्या माणसाला तीनच प्रश्न विचारतात: कुणाचा कोण, जेवलास का, आणि त्या पंधराव्या शर्यतीत मोगेन्स पडला की त्याला पाडलं? पहिल्या दोन्हींचं उत्तर काहीही द्या, चालतं. तिसऱ्याचं चुकलं तर गावातला न्हावी केस कापायलासुद्धा घेणार नाही. त्याला पाडलं. मी दुसऱ्या वळणावर कुंपणाला टेकून उभी होते, या दोन डोळ्यांनी पाहिलंय. आणि माझ्या नवऱ्याचे, झिग्मुन्तचे, पुढचे दोन दात त्याच संध्याकाळी त्याच कारणासाठी गेले आहेत.

माझी बहीण समुद्राकाठी राहते, तिला स्पीडवेतलं ओ की ठो कळत नाही. तिला सांगते तसंच सांगते. चार जण, दोन आमचे दोन त्यांचे, चार फेऱ्या, मोटारसायकलला ब्रेक नाही आणि वळायचं ते कायम डावीकडे. कुणी कुणाला पाडलं तर पाडणारा बाद, आणि उरलेल्यांनी शर्यत पुन्हा करायची. अशा पंधरा शर्यतींचा एक सामना. झालं. एवढ्यासाठी आम्ही आठवडाभर भांडतो आणि रविवारी पुन्हा तिकीट काढतो.

तो सामना होता नदीपलीकडच्या सार्निनशी. सार्निनची माणसं आम्हाला कावळे म्हणतात, आम्ही त्यांना डुकरं. आमच्या झेंड्यावर कावळा आहे आणि त्यांच्या झेंड्यावर रानडुक्कर, त्यामुळे कुणी रागवायचं कारण नाही, तरी सगळे रागावतात. शेवटची, पंधरावी शर्यत जो जिंकेल त्याचा सामना. त्यांचा क्रिस्तियान आतल्या बाजूने घुसला, आमचा मोगेन्स आडवा झाला, रेफरीने क्रिस्तियानला बाहेर काढलं. शर्यत पुन्हा झाली, आम्ही जिंकलो, आणि सार्निन त्या वर्षी खालच्या लीगमध्ये गेलं. त्यांचं म्हणणं असं, की मोगेन्स गादीवर पडावं तसा आपणहून पडला. म्हणोत बापडे.

हा मोगेन्स डेन्मार्कचा. एका उन्हाळ्यापुरता आला होता, आमच्या वरच्या खोलीत उतरला आणि बारा वर्षं उतरलेलाच राहिला. माझा झिग्मुन्त ट्रॅक सांभाळायचा. माती नांगरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. त्याला डॅनिश येत नव्हती, याला आमची भाषा येत नव्हती, तरी दोघं रोज भांडायचे. झिग्मुन्त गेला तेव्हा कबरीच्या जागेवरचं बर्फ या पोराने खोऱ्याने काढलं, कुणी सांगायच्या आत. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. वरच्या मजल्यावर शर्यतींत पाय मोडून लंगडी झालेली त्याची ती पावलं वाजली की मला झोप लागते. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

गेल्या शरदात क्लबचे अध्यक्ष म्रूझसाहेब घरी आले. सॉसेजचा कारखाना आहे त्यांचा, पण सारण भरून उकडलेल्या पिएरोगी माझ्याकडे येऊन खातात. दोन ताटल्या संपवल्यावर तोंड पुसलं आणि म्हणाले की एक विशीतला ऑस्ट्रेलियन पोरगा मिळतोय. संघात परदेशी किती घ्यायचे त्याला नियम आहे, त्यामुळे पोरगा आला की मोगेन्सला जागा नाही. मात्र वसंतापर्यंत मोगेन्स पोलिश नागरिक झाला तर तो परदेशी उरतच नाही, मग दोघंही राहतील. नाही झाला, तर बारा वर्षांबद्दल आभार आणि एक घड्याळ.

आमच्या खेळात देश बदलणं नवीन नाही. कुणी बायकोसाठी बदलतो, कुणी क्लबसाठी. एकाने तर स्वतःच्या देशातल्या फेडरेशनशी भांडण झालं म्हणून बदलला, आणि तीन वर्षांनी भांडण मिटलं म्हणून परत बदलला. त्याच्या आईला कुठला झेंडा फडकवायचा तेच कळेना. मोगेन्सने आपल्या आईला फोन केला. ती म्हणाली, देश बदल नाहीतर आणखी काही बदल, इस्टरला घरी ये म्हणजे झालं. तेवढं मिटलं. राहिली नागरिकत्वासाठीची भाषेची परीक्षा.

आता घोळ काय होता ते ऐका. मोगेन्स आमची भाषा फडाफडा बोलायचा. पण शिकला होता कुठे? ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये, मेकॅनिक लोकांत, ऐन शर्यतीला इंजिन बंद पडल्यावर. दर तिसरा शब्द असा, की भिंतीवरच्या मेरीमातेने कानावर हात ठेवावेत. आणि त्याला बिचाऱ्याला त्यात वावगं काही वाटायचंच नाही. त्याला वाटे, भाषाच तशी आहे. जानेवारीत फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात तसे आले, तर याने त्यांना बाहेर थंडी किती आहे ते सांगितलं. फादर आशीर्वाद विसरून चहा पिऊन गेले.

मग मी कंबर कसली. माझ्या हातच्या काकडीच्या लोणच्यावर त्याचा जीव. टेबलावर बरणी ठेवायची, आणि एक वाईट शब्द तोंडातून आला की बरणी उचलून कपाटात. पहिल्या आठवड्यात त्याला काकडीचं देठसुद्धा मिळालं नाही. फेब्रुवारीपर्यंत पठ्ठ्याने सगळे वाईट शब्द सोडले, पण मग बोलायला काही उरेना. काही विचारलं की "हो मावशी", "नाही मावशी", "हवा छान आहे". मी भाषा धुवायला घेतली होती आणि धुण्यात कापडच विरलं.

परीक्षेला आम्ही शहरात गेलो. मी बरोबर गेले, कारण एकटा गेला असता तर वाटेत कुणाला तरी रस्ता विचारला असता. कचेरीतला लांबलचक बोळ, ओळीने खुर्च्या, आणि कोपऱ्यात एक पांढऱ्या केसांच्या, इस्त्रीच्या ब्लाउजातल्या बाई उभ्या होत्या. गळ्यात परीक्षकाचा बिल्ला, नाव स्टेफानिया पिल्ख. त्यांनी पर्समधून कागदी पुडी काढली आणि सूर्यफुलाच्या बिया फोडायला लागल्या. पुढच्या दातांनी, एका हाताने, नजर समोर, टरफल थेट मुठीत. अशा बिया फोडायला माणूस घरी शिकत नाही, वीस-तीस वर्षं स्पीडवेच्या कुंपणाला उभं राहून शिकतो. तेवढ्यात त्यांनी किल्ल्या बाहेर काढल्या. किल्ल्यांना रानडुक्कर लटकत होतं.

मी मोगेन्सला बाजूला ओढलं. म्हटलं, मेल्या, आपण थेट डुकरांच्या कळपात आलोय. आत गेल्यावर स्पीडवेचं अवाक्षर काढू नकोस. धंदा विचारला तर पाव भाजतो म्हण. तो म्हणाला, "हो मावशी."

आत दोन परीक्षक. पिल्खबाई आणि एक तरुण मुलगा, गळ्याभोवती मफलर, राजधानीतून आलेला. रेडिएटर तापला होता म्हणून त्यांनी दार उघडंच ठेवलं. मला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. धंदा काय? पाव भाजतो. कुठला पाव? पांढरा. मग त्याच्यासमोर एक चित्र ठेवलं, एक कुटुंब तळ्याकाठी जेवायला बसलंय, वर्णन करा. मोगेन्स म्हणाला, "हवा छान आहे." तरुणाने विचारलं, आणखी काय दिसतं? "कुत्रा." बास, एवढंच. बोळात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर ती वरची खोली आली, रिकामी, आणि पलंगावर उघडी गादी. मीच या पोराचं तोंड बंद केलं होतं, लोणच्याची बरणी दाखवून.

तरुणाने पेनाला टोपण लावलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि पिल्खबाई शांतपणे म्हणाल्या, "पाववाले, जाता जाता एक सांगते. त्या पंधराव्या शर्यतीत तुम्ही आपणहून आडवे झालात. आमच्या क्रिस्तियानचा तुम्हाला धक्कासुद्धा लागला नव्हता."

बाईने ओळखलं होतं तर. का नाही ओळखणार? बारा वर्षं त्याच्या नावाने शिट्ट्या मारल्या असतील.

आतून मोगेन्स म्हणाला, "बाई, तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"चौथ्या वळणावर."

"मग चौथ्या वळणावरून दुसऱ्या वळणावरचं तुम्हाला काय डोंबल दिसणार?"

आणि जो सुटला म्हणता! त्याने बाईंचा चष्म्याचा डबा उचलला, हा क्रिस्तियान. पेनांचा पेला उचलला, हा मी. तरुणाचा चहाचा ग्लास म्हणजे कुंपण. क्रिस्तियान सुरुवातीलाच मागे पडला नसता तर त्याला आतून घुसायची गरज पडली नसती, आणि आतून घुसायचंच होतं तर समोर माणूस आहे हे बघायला डोळे काय त्याने सार्निनला कपाटात ठेवले होते? बाई म्हणाल्या, तो मागे पडलेला नव्हता, तो वेग राखून होता. मोगेन्स म्हणाला, असा वेग माझी आजी दवाखान्यात जाताना राखते. बाईंनी पेला हिसकावून घेतला आणि आडवा करून दाखवला, हे असं, आपणहून. मोगेन्सने तो उभा केला. म्हणाला, आमच्या ट्रॅकवर आम्हाला शिकवू नका. झिग्मुन्तने त्या दिवशी आतली कड मुद्दाम जास्त भिजवली होती, तिथे जो घुसेल तो घसरून दुसऱ्यावर जाणारच!

मी खुर्चीवरून उठले ती आतच गेले. "झिग्मुन्तचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. "ते पाणी पावसाचं होतं."

"पाऊस?" पिल्खबाई म्हणाल्या. "फक्त आतल्या कडेवर?"

"आमच्याकडे पडतो तसा," मी म्हटलं. मग आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो. तरुणाने चहाचा ग्लास छातीशी धरला होता. भांडणात मोगेन्सच्या तोंडून वाईट शब्द दोनच गेले, आणि खरं सांगते, दोन्ही अगदी जागच्या जागी होते. पिल्खबाईंनी त्यातला एक साभार परत केला.

शेवटी बाईंनी चष्मा पुसला आणि कागदावर सही केली. तरुण चाचरत म्हणाला की यांनी चित्राचं वर्णन केलेलं नाही. बाई म्हणाल्या, "रेफरीच्या निर्णयावर ज्याला आपल्या भाषेत एवढा वेळ भांडता येतं, त्याची आणखी कसली परीक्षा घेतोस?" मग मोगेन्सकडे वळल्या. "नापास केलं असतं, तर तुमच्या गावातली पोरंटोरं म्हणाली असती की सार्निनला ट्रॅकवर जमलं नाही म्हणून टेबलावर उट्टं काढलं. यंदा आम्ही वरच्या लीगमध्ये आलोय. एप्रिलमध्ये या, तिथे बघून घेऊ."

दारापर्यंत आल्या तेव्हा मला हळूच म्हणाल्या की तुमच्या यजमानांच्या दातांबद्दल ऐकून आहे; ते माझ्या भावाच्या हातून पडले, त्याचा हात थंडीत अजून दुखतो. मी म्हटलं, देव त्याला उदंड आयुष्य देवो आणि हात असाच दुखत राहो. बाईंनी बियांची पुडी पुढे केली. मी मूठभर घेतल्या. डुकरांच्या झाल्या तरी बिया त्या बिया.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. म्हटलं, दोन वाईट शब्द गेलेत, विसरले नाहीये मी. तो हसला. आता त्याच्या तोंडचं कुलूप निघालं होतं. सगळ्या रस्त्याने बडबडत होता, ऑस्ट्रेलियन पोराला आतली कड कशी शिकवायची, खोलीतला नळ कधी दुरुस्त करायचा. सार्निनचा फाटा मागे पडला आणि त्याने गाडी हळू केली.

मग म्हणाला, "मावशी, पासपोर्ट हातात येईपर्यंत मी डेन्मार्कचाच आहे. त्या शर्यतीचं खरं काय ते विचारायचं असेल, तर आत्ताच विचारून घ्या. एकदा ओल्शावाचा झालो, की मग मला पाडलंच होतं."

इतकी वर्षं तो माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहतोय आणि मी एकदाही विचारलेलं नाही. कशाला विचारायचं? मी स्वतः पाहिलंय. पण तेव्हा मला झिग्मुन्त दिसला, सामन्यानंतर स्वयंपाकघरात बसलेला, तोंडाला रक्ताने भिजलेला टॉवेल, आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता एवढा खूश. त्यानंतर मरेपर्यंत पाव दुधात बुडवून खाल्ला बिचाऱ्याने, पण एकदा कुरकुरला नाही. म्हणायचा, खऱ्यासाठी गेले, वाया नाही गेले.

मोगेन्स रस्त्याकडे बघत वाट पाहत होता.

"खिडकी वर कर," मी म्हटलं. "वारा लागतोय."

खिडकी बंदच होती. तरी त्याने तिच्या हँडलला हात लावला आणि दोन-तीनदा फिरवल्यासारखं केलं.