मयताचे कपडे

आमच्या हर्षिताला कुठे काय घालायचं ते शिकवता शिकवता माझी जीभ झिजली. देवळात फाटक्या गुडघ्यांची जीन्स नको, लग्नात ट्रॅकपँट नको, सणाला काळं नको. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून बसमध्ये उभ्याने दोन तास काढून घरी यायचं आणि पुन्हा हाच जप. वीट आला होता मला.

त्या मंगळवारी पहाटे तिच्या गाण्याच्या फिलोमिना मिस गेल्या. आमच्या इंदिरानगरातच, गल्लीच्या टोकाला राहायच्या. हर्षिता सात वर्षं त्यांच्याकडे शिकली. त्याच दिवशी चार वाजता चर्चमध्ये प्रार्थना होती. मुलांनी मिसचं आवडतं गाणं म्हणायचं होतं, आणि पहिलं कडवं हर्षिताने एकटीने. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धापा टाकत घरी पोचले, तर ही बया दिवाळीचा नवाकोरा पांढरा फ्रॉक घालून, बूट पॉलिश करून तयार!

"अगं, मयताला नवं घालतात का? काढ आधी!"

"आई, मिसनीच सांगितलंय, चर्चला येताना चांगले कपडे..."

"ते रविवारचं. आज माणूस गेलंय. मला नको शिकवूस."

आमच्यात मयताला जुनेरच घालतात. परत आलं की दारातच कपडे भिजवायचे, डोक्यावरून अंघोळ करायची, मगच घरात. सासूबाईंनी मला हेच शिकवलं. मी विटकी साडी नेसले आणि कपाटाच्या तळातून तिचा रंग गेलेला, खांद्यावर उसवलेला चुडीदार काढला. ती रडायला लागली. "मिससाठी रड, फ्रॉकसाठी नको," मी म्हटलं. दमले की किती दुष्ट बोलते मी!

चर्चच्या दारातून मी आत पाहिलं. सगळे कडक इस्त्रीत. पुरुष कोटात, बायका काळ्या-पांढऱ्या रेशमात, मुलांच्या केसांत पांढऱ्या रिबिनी. मिससुद्धा पेटीत मोतिया रेशमी साडी नेसून निजलेल्या. एका बाईने मला हळूच कन्नडमध्ये विचारलं, "मिसच्या घरी कामाला होतात का?" मी मानेनेच नाही म्हटलं. हर्षिताने ते ऐकलं. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने मिसची बहीण आली. "हर्षिता, बा पुट्टा, ये बाळा. सगळे थांबलेत."

"मी नाही येत, आंटी."

"का गं?"

तिने खांद्यावरची उसवण हाताने झाकली. सकाळपासून त्या कडव्याची घोकंपट्टी चालली होती तिची. आज गेली नाही, तर हे पोरीला जन्मभर सलणार, ते मला दिसत होतं.

मी उभी राहिले. "कपड्यांमुळे," माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, "ती नीट तयार झाली होती. मीच बदलायला लावलं. आमच्यात मयताला जुनं घालतात. इथलं मला ठाऊक नव्हतं. चूक माझी."

आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळून बघत होती. माझे कान तापले. बहिणीने हर्षिताच्या डोक्यावरून हात फिरवला. "परवागिल्ला, काही हरकत नाही. चल, मिस वाट बघतेय."

हर्षिता गेली. पहिल्या ओळीला आवाज कापला, मग लागला. मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. मिससाठी किती, माझ्यासाठी किती, देव जाणे.

गाणं संपल्यावर सगळे एकेक करून पेटीपाशी गेले. मी हर्षिताच्या मागेच होते. तिने फुलं ठेवली, खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "सॉरी मिस. आईला माहीत नव्हतं."