फोटोमागची ओळ

कॅम्प तीन या वस्तीत, जीन्सच्या कारखान्यावरच्या माळ्यावर, भाविका दिवसभर फोटोंची वर्णनं लिहायची. फोटो एका सरकारी खात्याच्या वेबसाइटचे. अंधांनाही साइट वापरता आली पाहिजे असा नियम, म्हणून प्रत्येक फोटोमागे एक ओळ टाकायची. अंध माणसाचा मोबाइल ती वाचून दाखवतो. नियम चांगलाच होता. पण दिवसाला दोनशे फोटो उरकताना चांगुलपणा कुणाच्या लक्षात राहतो! हार, शाली, फिती, हसरे पुढारी. बोटं चालायची, डोकं घरीच असायचं.

एका शुक्रवारी स्क्रीनवर धर्मेश आला. तिचा भाऊ, जाऊन वर्ष झालेला. तीनचाकी सायकलवर बसलेला, आणि हँडलला सहा मान्यवरांचे हात. तिनं लिहिलं: 'नव्या सायकलवर धर्मेश भोईर, कुळगाव.'

काम तपासणाऱ्या यज्ञेशनं ओळ परत पाठवली. "नावं फक्त मान्यवरांची. बाकी सगळे लाभार्थी."

"माझा भाऊ आहे तो."

तो म्हणाला, "सॉरी यार. पण फॉरमॅट वरून आलाय, अपने हाथ में नहीं है."

तिनं ओळ बदलली. रडू यायला हवं होतं, आलं नाही. ती पुढच्या फोटोला लागली.

महिन्याभरानं साइट सुरू झाली. धर्मेशचा फोटो त्यात आहे हे कळल्यापासून तिची आई, मोतीबाई, याच दिवसाची वाट बघत होती. काचबिंदूनं तिची नजर गेली ती धर्मेशला सायकल मिळायच्या आधीच. सायकलवरचा लेक तिनं पाहिलाच नव्हता. तिनं मोबाइल मांडीवर घेतला. भाविका शेजारी मेथी निवडत बसली.

"मान्यवरांच्या हस्ते लाभार्थ्यास तीनचाकी सायकल वाटप," मोबाइल बोलला.

"ह्यो आपला का गो?"

भाविकानं स्क्रीनकडे पाहिलं. "नाय."

पुढचा फोटो. तीच ओळ. "ह्यो?"

"नाय."

असे दहा झाले. अकरावा धर्मेश होता.

"ह्यो?"

"नाय," भाविका म्हणाली. तोंडातून गेलं, मग कळलं. तोवर मोतीबाईचं बोट पुढे सरकलं होतं. मागे जा म्हणायला हवं होतं. तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं.

"मान्यवरांच्या हस्ते लाभार्थ्यास तीनचाकी सायकल वाटप."

"ह्यो तरी?"

सायकलवर टोपीवाले कुणी म्हातारे गृहस्थ होते.

"हो," भाविका म्हणाली.

"कसा दिसतो गो?"

"बरा दिसतो."

मोतीबाईनं मोबाइल कानाशी धरला आणि ती ओळ पुन्हा ऐकली.