बाटलीतले नागप्पा

“दुखतंय का त्यांना, एवढंच सांगा. मी बसायला न्हाई आले,” शांतादेवी दारातूनच म्हणाल्या.

सिद्धाराम हातातलं काम टाकून दाराकडं धावला. अंबाजोगाईच्या कॉलेजात मागच्या अंगाला एक प्रयोगशाळा होती, तिथं तो शिपाई, तोही टेंपररी. घाटनांदूरहून सकाळच्या एसटीनं, घरात कुणाला न सांगता ही बाई इथवर आली, हे पाप त्याचंच होतं.

झालं होतं असं. पाच महिन्यांपूर्वी शांतादेवींचे मालक, किराणा दुकानवाले नागप्पा, लघवीच्या पिशवीच्या ऑपरेशनला भरती झाले. आत गाठ होती. ती काढताना शेजारचा नखाएवढा निरोगी तुकडा संशोधनाला द्याल का, म्हणून प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं आणि नागप्पांनी मोकळ्या मनानं सही केली. एवढ्यावर भागलं असतं. पण सिद्धारामच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. त्यात पेशंट आपल्या लिंगायतांतला. रोज संध्याकाळी वॉर्डात जाऊन त्यानं बातमी पुरवली. अप्पा, तुमचा तुकडा जगला. अप्पा, बाटलीत वाढाय लागला. अप्पा, औषधाचा थेंब टाकला की कसा अंग चोरतो बघा.

नागप्पा हरखले. घरी आल्यावर रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या मोजून देता देता गिऱ्हाइकाला सांगायचे, “मी हितं गल्ल्यावर हाय आन् तिथं अंबाजोगाईला ड्युटीवर हाय.” लोक हसायचे. शांतादेवीही हसायच्या.

पौषात नागप्पा गेले. आजार आधीच अंगभर पसरला होता. सगळं रीतीनं झालं. बसवून, विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्यांना मातीत दिलं. लिंगैक्य झाले, शिवात मिळाले, असं स्वामी म्हणाले, आणि तिथंच शांतादेवींच्या काळजात चर्र झालं. सगळेच्या सगळे कुठं झाले, एक तुकडा तर बाटलीत हाय?

तेव्हापासून बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी थापता थापता हात थांबायचा. आता टाकला असंल थेंब, आता अंग चोरलं असंल. जिवंतपणी माणूस दुखणं सांगायचा तरी, बाटलीतून कुणाला सांगणार? त्याहून भलतंच भय दुसरं होतं. नवरा कुठंतरी जिता असताना आपल्या बांगड्या फोडल्या, ह्याचं पाप कुणाला? स्वामींना विचारावं तर ते रागावतील, पोराला विचारावं तर तो हसेल, आणि सुनेला विचारलं तर सांजपर्यंत गावभर होईल. बाईनं ते भय एकटीनं दोन महिने सोसलं.

सिद्धारामला स्वतःच्या नोकरीचं भय होतंच. तरी त्यानं त्यांना आत घेतलं आणि मॅडमपुढं उभं करून आपलं तोंड कसं वाहवलं ते कबूल केलं. मॅडमनी त्याच्याकडं एकदा नुसतं बघितलं आणि शांतादेवींना स्टूल दिलं.

मॅडमनी समजावलं ते असं. बाटलीत मेंदू नाही, दुखणं पोचवणाऱ्या नसा नाहीत, मग दुखणार कुणाला? स्नायूच्या कणाकणावर बारीक बारीक दारं असतात. औषध दारापर्यंत पोचलं की कण आकसतो. किती दारं, कुठल्या औषधाला उघडतात, हे कळलं की लघवी न आवरणाऱ्या माणसांसाठी चांगली गोळी करता येईल. शांतादेवींना दारांचं निम्मं कळलं. लघवीचं पुरतं कळलं, कारण वर्षभर नागप्पांची धोतरं त्यांनीच धुतली होती. पण समजावल्यानं भीती जाते होय?

“दुखत न्हाई तर मग अंग कावून चोरत्यात?” त्यांनी विचारलं.

मॅडमनी एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग म्हणाल्या, “तुम्हीच बघा.”

शांतादेवींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शेवया वाळत घालाव्यात तशा फिकट लांबट रेघा शेजारी शेजारी पडल्या होत्या. हे आपले मालक. मॅडमनी थेंब सोडला तेव्हा त्यांनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि आता आकसतील, आता कळवळतील म्हणून श्वास रोखून धरला.

एक मिनिट गेलं. पाच गेली. एकही रेघ हलली नाही.

“महिनाभर हे असंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “एका बाटलीतून दुसरीत वाढवत नेलं की दारं कमी कमी होतात. पेशी जगतात, पण औषधाला दाद देत नाहीत. त्यांना काही होत नाही, काकू. तसाही माझ्या कामाला आता त्यांचा उपयोग नाही. उद्या या बाटल्या रिकाम्या करून टाकतेय.”

हेच तर ऐकायला त्या आल्या होत्या. छातीवरचा धोंडा उतरला. सिद्धारामनंही कपाळ पुसलं आणि एकची गाडी मिळेल, स्टँडवर सोडतो, म्हणाला.

शांतादेवी उठल्या नाहीत. पदरानं डोळे टिपून त्यांनी पुन्हा डोळा लावला. रेघा तशाच होत्या, निवांत. दोन महिने त्यांना हेच हवं होतं, आणि आता बघवेना.

“म्याडम,” त्या म्हणाल्या, “आणिक एक थेंब टाका की. जरा मोठा.”

मॅडमनी मोठा थेंब सोडला. शांतादेवी काचेवर आणखी वाकल्या. लग्नातला उखाणा सोडला तर चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

“नागप्पा,” त्यांनी हळूच हाक मारली आणि वाट बघत राहिल्या.